यंत्राचा हात

आई : मान वर कर. कॉलर नीट करतेय, फासावर नाही चढवत तुला. तुझ्या कंपनीचं यंत्र जिंकलं ना? मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?

मुलगा : काही नाही गं. दमलोय.

आई : दमायला काय झालं? डोकं यंत्राचं. त्याच्या पडद्यावर येईल ती चाल तू नुसती बुद्धिबळाच्या पटावर खेळायचीस. माझा मुलगा यंत्राचा हात आहे म्हणून गल्लीभर सांगत सुटलेय मी.

मुलगा : नको होतंस सांगायला.

आई : का? सर हरले म्हणून? ज्यांनी तुला प्यादं कसं चालतं ते शिकवलं, ते हरले की वाईट वाटणारच. पण हार ती हार.

मुलगा : हरले नाहीत ते.

आई : म्हणजे?

मुलगा : सरांनी एक प्यादं मुद्दाम उघडं टाकलं होतं. पडद्यावर चाल आली, प्यादं खा. खाल्लं असतं तर यंत्राचा डाव तिथंच संपला असता. मी हात पुढे करतोय तेवढ्यात आतून कंपनीचे साहेब आले. म्हणाले, यंत्र अडकलंय, बंद करून चालू करतो. चालू झालं तेव्हा दुसरीच चाल.

आई : ती कोणी सुचवली त्याला?

मुलगा : आत आमचे तज्ज्ञ बसतात.

आई : डाव चालू असताना माणसानं नाक खुपसायचं नाही, असं तुमच्याच फलकावर लिहिलंय ना? तूच वाचून दाखवलंस मला. पंच काय झोपला होता?

मुलगा : त्यांनी विचारलं मला, आधी काही चाल दिसली का. पडदा फक्त मलाच दिसतो.

आई : मग?

मुलगा : नाही म्हणालो. साहेब समोर उभे होते, आई. जीभच वळेना.

आई : वळली की! ‘नाही’ म्हणायला बरी वळली. हॉल त्यांचा, बक्षीस त्यांचं, पंचही त्यांनीच बोलावलेला. खरं तेवढं एक तुझ्याकडे होतं, तेही देऊन बसलास.

मुलगा : हळू बोल. कोणीतरी येतंय.

(सर दारात येऊन थांबतात.)

सर : येऊ का? ताई, तुम्ही दिसलात, म्हटलं भेटून जावं. बक्षीस समारंभाला थांबत नाही मी.

आई : बसा ना, सर.

सर : नको. याला शाबासकी द्यायला आलो. छान शांत बसला होतास. मी हार मानून हात मिळवला तेव्हा मात्र वर बघितलंच नाहीस. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नकोस, अरे. त्या प्याद्यावर मी सगळा डाव लावला. वाटलं, यंत्र खाणारच. नाही खाल्लं. मला आता पट दिसेनासा झालाय, दुसरं काय! मुलांची शिकवणीही बंद करतोय. आंधळ्यानं वाट दाखवू नये.

मुलगा : सर...

सर : रडतोस काय वेड्या? ताई, बघा याला.

आई : मी काय बघू, सर? मलाच मान वर करवत नाहीये. जन्मभर लोकांची उणीदुणी काढली, आणि माझ्याच पोटी हे.

सर : झालंय तरी काय?

आई : त्याच्या तोंडून ऐका. बोल रे. मी नाही तुझ्या वतीनं बोलणार.

मुलगा : सर, यंत्र ते प्यादं खाणार होतं. मी पाहिलं होतं. आत बदललं त्यांनी. पंचांना मी खोटं सांगितलं.

सर : म्हणजे... मला दिसलं ते बरोबर होतं?

मुलगा : हो, सर.

सर : हं. मला सांगितलंस. बाहेर सांगशील?

मुलगा : पंच अजून आहेत. माइकही चालू आहे. आई, तू पुढे बसू नकोस. साहेबांच्या शेजारीच खुर्ची ठेवलीय तुझी.

आई : पुढे बसायला तोंड आहे का मला? मी मागे, दाराशी उभी राहते. तिथवर ऐकू येईल असं बोल.