अंगणात पुरायचं खापर

तळ्याकाठच्या ओहरिड गावात बसथांब्यावर माझ्या पुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या, ब्लागुना आणि तोदोर्का.

"ब्लागुना, तुझ्या अंगणात पाया खणताना जुनी खापरं निघाली ना गं?"

"निघाली की! म्युझियमवाले आले आणि बांधकाम बंद पाडून गेले."

"नशीबवान आहेस! एखादं लपवलं असशीलच. दे ना मला."

"कशाला?"

"आमच्या अंगणात पुरते. तळ्यावर येणाऱ्या पर्यटकांसाठी खोल्या बांधायला निघालाय पोरगा, माझी तुती तोडून!"

"आणि सुनेचं काय?"

"तिला कशाला सांगतेय? ती नवऱ्याच्याच बाजूची."

"मग उशीर केलास, तोदोर्का. एकच लपवलं होतं, ते परवा तीच मागून घेऊन गेली. पर्यटकांच्या चादरी कोण धुणार, म्हणाली."