हुनाची फणी

नाही नाही, बाडाकाका, एवढीशी? — ही फणी आहे की उंदराच्या मिशा विंचरायचं काहीतरी? — हो, माहीत आहे मला, मडक्यात राखेबरोबर घालायची फणी बोटाएवढीच करतात, आजोबांच्या मडक्यातही तशीच होती — पण आजोबांना टक्कल होतं! आमच्या हुनाचे केस पाहिलेत ना तुम्ही? अख्ख्या गावाने पाहिलेत. गवताची गंजी उठून चालायला लागावी तसा यायचा माझा दादा. — यायचा. काल चितेवरसुद्धा आधी केसच — जाऊ दे. राख आईने मडक्यात भरली, संध्याकाळी टेकडीवर पुरायची. मला म्हणाली, "केओल, जा, बाडाकाकांकडून फणी घेऊन ये, आणि तिथे भांडू नकोस." मी भांडतोय का? मी विचारतोय! तिकडे, मेल्यावर जातात तिथे, बाबा बसले असतील — समुद्र ओलांडून ब्रिटनला येताना नाव दोनदा उलटली, तरी कमरेची फणी सोडली नाही असे आमचे बाबा — आणि त्यांच्यासमोर हुना ही काढणार? हसतील हो त्याला!

मोठी करा. — मडक्याचं तोंड लहान? तेही खरंच. मडकं बदलायचं नाही, आईने स्वतः घडवलंय. — त्याची स्वतःची? शिंगाची, तुम्हीच केलेली? ती... हरवली. म्हणजे कावळ्याने नेली. नेतात हो कावळे! हुनाला पटलं होतं. तापाने फणफणलेला, तरी दारात बसून कावळ्यांना दगड मारायचा — एक लागला कोंबडीला, एक मला — आणि विचारायचा, "केओल, तू नाहीस ना रे घेतलीस?" मी म्हणायचो, शपथ! — कुणाची? डुकराची. — हसताय काय? दुसऱ्या कुणाची खोटी शपथ घ्यायला जीभ वळेना, आणि सगळं झालं होतं ते डुकरामुळेच. आता तुम्ही इतकं खोदून विचारताय म्हणून — बरं, नाही विचारत, तरी सांगतो.

शेजारच्या विल्लाशी पैज लागली, कुणाचं डुक्कर जास्त देखणं. आमच्याचे केस राठ, मातीने चिकटलेले. म्हटलं, हुनाच्या फणीने जरा विंचरू. पाच दात तुटले — फणीचे हो, डुकराचे कशाला तुटतील? पण डुक्कर काय दिसत होतं, काका! जिंकलो मी! आणि हुना त्याच दिवशी मुलगी बघायला गेला. तसाच, गंजीसारखा. ती हसली. हा समजला, नापसंत केलं, आणि परत त्या वाटेला गेलाच नाही. — काल ती चितेपाशी आली होती. माझ्यापेक्षा जास्त रडली. मी सांगणारच होतो त्याला, काका. म्हटलं, ताप उतरू दे, मग सांगतो, मग खुशाल दोन तडाखे मारू दे. उतरलाच नाही ना.

ही घ्या त्याची फणी. माझ्या कमरेलाच होती. मडक्यात पूर्ण जात नाही, मी घालून पाहिली. मधोमध कापा. दात शाबूत असलेला अर्धा भाग त्याला, तुटका माझा. आईला सांगेन मी — घरी गेल्या गेल्या — नाही, मडक्याशेजारी बसूनच सांगतो, झाकण लावायच्या आधी. त्यालाही ऐकू जायला हवं. — मी? मी नाही कापणार. माझ्या हातून एकदा — तुम्हीच कापा. घ्या ती करवत. आणि माझ्याकडे काय बघताय? समोर बघा, काका, बोट कापाल.