साल्द्रे, म्हणजे मी निघेन

अध्यक्षस्थानी असलेल्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई, प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या आमच्या स्पॅनिशच्या बाई, व्यासपीठावरील मान्यवर, समोर जमलेले स्नेही, शेजारीपाजारी, आणि जिच्या निरोपासाठी आपण आलो आहोत ती, 'आवरतं घ्या' अशा नजरेनं माझ्याकडे बघणारी माझी बायको, सर्वांना माझा नमस्कार.

मी फ्रीज दुरुस्त करणारा माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचं शिक्षण यंत्रांनीच दिलं. तेव्हा भाषणाला कुठे गळती लागली तर सांभाळून घ्या. हिला इथे सगळे 'सिस्टर' म्हणतात. नवऱ्याला तेवढीही सोय नाही.

निवृत्त झाल्यावर हिनं स्पॅनिशचा वर्ग लावला. संध्याकाळी एकट्यानं घरात बसून करायचं काय, म्हणून मीही मागोमाग गेलो. ही कशासाठी शिकते आहे, हे विचारायचं सुचलंच नाही. कुणी विणकाम करतं, कुणी भाषा शिकतं, असं आपलं वाटलं.

तर भविष्यकाळाचा धडा चालू होता. बाईंनी फळ्यावर 'सालीर' लिहिलं. म्हणजे निघणं, बाहेर पडणं. एरवीच्या क्रियापदांना शेपूट जोडलं की भविष्यकाळ तयार. हे मात्र आडमुठं. स्वतःचा स्वर गिळतं आणि मधेच एक 'द' घुसवतं. साल्द्रे, मी निघेन. बाई म्हणाल्या, प्रत्येकानं एकेक वाक्य करा, पण खरं करा. शेजारच्या बाकावरचे बेकरीवाले आपल्या वाक्यात पहाटे दुकानाला निघाले ते 'सालिरे' म्हणून आपटले. मी छत्री घेऊन निघालो, तोही तिथेच घसरलो.

मग ही उठली. चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "साल्द्रे सोला एन मार्सो."

कुठे अडखळली नाही. बाई खूश. वर्गात सगळ्यात मोठ्यानं टाळ्या कुणी वाजवल्या असतील? मीच. बायको कुणाची! आणि टाळ्या वाजवता वाजवता एकेक शब्द आत उतरत गेला. मार्सो, मार्च. सोला, एकटी. मी मार्चमध्ये एकटी निघेन. माझे हात जुळले ते जुळलेलेच राहिले. बेकरीवाल्यांनी हळूच विचारलं, काका, काकू कुठे निघाल्या? काय सांगणार? मला तरी कुठे ठाऊक होतं?

घरी आलो. कुलपाला किल्ली लावताना विचारलं, "ते वाक्य सरावापुरतं होतं ना?"

"बाईंनी खरं वाक्य करायला सांगितलं होतं," ही म्हणाली.

मग एकेक कळत गेलं. हिच्या हाताखाली शिकलेली एक परिचारिका समुद्रापलीकडे, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात, पक्का रस्ता संपतो त्याच्याही पुढे, बाळंतपणाचा दवाखाना चालवते. तिला जाणता हात हवा आहे. बोलावणं दोन वर्षांचं. हिनं होकार कळवूनही टाकला होता. मी म्हटलं, मग मीही येतो. तर म्हणाली, तिथे फ्रीज नाहीत.

"अगं, पण हे मला मराठीत सांगता आलं नसतं?"

"मराठीत सांगायला बसले की तुम्ही म्हणता, आधी जेवायला वाढ."

हसताय तुम्ही. माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. अजून ती जागेवर आलेली नाही.

या शहरातली किती पोरं हिच्या हातात पहिल्यांदा रडली, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच. ऐकताना ऊर भरून आला. पण हिला परवा विमानतळावर सोडून मी परतायचं आहे, हे काही मनात बसत नाही. दोन वर्षांनंतर काय, हे मी अजून विचारलेलं नाही. परत येशील का, एवढंच. आज इथे, सगळ्यांसमोर विचारायचं ठरवून उभा राहिलो होतो. पण चारचौघांत विचारलं तर ही भिडेखातर हो म्हणेल. असला होकार मला नको. म्हणून नाही विचारत. तू नीघ गं. बिनघोर नीघ.

मंडळी, तुम्ही कान देऊन ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, घरातलं चव्हाट्यावर आलं असेल, तर पोटात घाला. हिनं घातलं की नाही, सांगता येत नाही. ती मघापासून छताकडे बघते आहे.