वीतभर खालचं स्वयंपाकघर

घरातली फरशी एका पातळीत आणणार आहेस ना, मग आधी आमचं ऐक. अणशीच्या आमच्या घरात स्वयंपाकघर माजघरापेक्षा वीतभर खाली होतं. पेजेचं पातेलं घेऊन बाहेर येताना आई तिथं हमखास ठेचकाळायची. शेवटी मी मिस्त्री आणला आणि स्वयंपाकघरात मुरूम भरून फरशी वर घेतली.

मिस्त्रीनं विचारलं, "दाराच्या चौकटीचं काय?"

म्हटलं, "राहू दे तशीच."

संध्याकाळी वडील नवी फरशी बघायला आत निघाले आणि आता वीतभर ठेंगणी झालेली चौकट कपाळावर बसली. मागोमाग मलाही. वडील ओरडले, "उद्याच्या उद्या मिस्त्रीला बोलीव!"

बुटकी आई पातेलं घेऊन त्याच दारातून ताठ मानेनं बाहेर आली. म्हणाली, "तीस वर्सं मी ठेचकाळले, तवा ह्यो तुमचा उद्या कुठं हुता?"