टोपीखालचा दात

अहो, मिटू नका काका, आ करा — आणखी मोठा — हां. शी! आला ना वास? मला तर मास्कमधूनही आला. कॅप काढली नि आत हे! कीड न काढताच वरून टोपी घातलीय. आत पू झालाय, नि वरून कसं चकचकीत! कुठे बसवलीत? बोलू नका, मानेनं सांगा — पुलापाशी? नाही? चौकातला, तो हसरा डॉक्टर? …हं. वाटलंच. हात ओळखते मी त्याचा. ओळखणारच — पाठचा भाऊ आहे माझा.

दचकू नका, लागेल. तुम्ही काही पहिले नाही. गेल्या महिन्यात त्याच्याकडचीच एक बाई आली, त्याआधी एक मास्तर. मी आपली गुपचूप उकरते, धुते, भरते, नि वर म्हणते, 'होतं असं कधीकधी.' होतं म्हणे! किळस येते माझीच मला. नवरा माझा पेपरात कामाला — जिवंत माणसाला पहिल्या पानावर मेला म्हणून छापतात, नि दुरुस्ती आत कुठेतरी, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यावरून मी त्याला नावं ठेवते! त्याची मुंगी निदान छापली तरी जाते, माझी तर — थुंका. चूळ भरा. हां.

आई शिवणकाम करायची आमची. शिवण जराशी वाकडी गेली तरी सगळी उसवायला लावायची मला, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. 'तुझी चूक ना? मग तूच उसव.' रडत उसवायचे मी. आणि ह्या भावाची गणितं? ती स्वतः खोडायची, स्वतः बरोबर उत्तर लिहायची. 'लहान आहे गं तो.' आता टक्कल पडलंय लहानाला! आई गेली, नि खोडरबर आलं माझ्या हातात. परवा बोलले शेवटी. म्हटलं, आधी कीड काढ रे, मग झाक. तर म्हणतो कसा — 'ताई, तू आहेस की!'

तू आहेस की… नाही. आज नाही. सिस्टर, ठेवा ते सामान. चौकात फोन लावा. म्हणावं, ताईनं बोलावलंय, असशील तसा ये. — नाही काका, उठू नका, तुम्हाला असं नाही सोडणार. बधिर केलंय, दुखणार नाही. पण हे त्यानं उपसायचं. स्वतःच्या हातानं, माझ्यादेखत. घरचं भांडण? असू दे घरचं. दात तर तुमचा आहे ना?

…जिना वाजला. शीळ घालत येतोय, ऐका.

या, डॉक्टर. हात धुवा.