शेरा : घर बंद

कुशाबाई : नकाशा गुंडाळू नका! आधी सांगा, माझ्या घरावर ह्यो निळा रंग कुणी मारला?

सुदर्शन : मावशी, ओरडू नका. नगरपालिकेचा, शहराचा नवा आराखडा आहे, लोकांना विचारून केलाय. निळं म्हणजे वाहनतळ. लेण्याद्रीला येणाऱ्या गाड्यांसाठी...

कुशाबाई : गाड्या माझ्या चुलीवर लावणार व्हय?

रुक्साना : आणि विचारलं कुणाला, भाऊ? मी हिची शेजारीण, रुक्साना. बावीस वर्षं भिंतीला भिंत आहे आमची. आमच्या गल्लीत कुत्र्यालाही नाय विचारलं कुणी!

सुदर्शन : सभा घेतली होती की. मंगळवारी, दुपारी बारा वाजता.

कुशाबाई : बारा वाजता मी बोरीच्या शेतात टोमॅटो तोडत असते. सकाळी सहाला पिकअप नेती, ती दिवस मावळताना आणून सोडती. गल्लीतल्या निम्म्या बाया तितंच. मग सभेला कोण बसलं व्हतं, खुर्च्या?

रुक्साना : बरोबर! बोल, बोल तू.

सुदर्शन : सभेचं राहू द्या. आमची माणसं घरोघर फिरली. तुमच्या नावापुढे शेरा आहे, 'घर बंद. बरीच वर्षे कोणी राहत नाही.'

कुशाबाई : कुणी राहत न्हाई? आरं, मग मी कोण हाय, भूत? माझी सून वृषाली आठ महिन्यांची पोटुशी हाय. ती काय रस्त्यावर बाळंत व्हणार?

रुक्साना : कुणी लिहिलं? बोलवा त्याला! हात झडो मेल्याचा!

सुदर्शन : आम्ही मनानं नाही लिहिलं. शेजाऱ्यांनी सांगितलंय, खाली सही आहे. बघा.

(कागद फिरवून पुढे सरकवतो.)

कुशाबाई : मला कुठं वाचाया येतंय? रुक्साना, तू वाच. कोण मुडदा हाय त्यो? ...वाच की. आगं, दातखीळ बसली का?

रुक्साना : कुशे... मीच.

कुशाबाई : काय मीच?

रुक्साना : मला वाटलं, ह्यांची माणसं तुझी माडी बघायला आलीत. वृषालीसाठी परवानगी न काढता वर पत्र्याची खोली चढवलीस ना? त्या दिवशी वृषाली दवाखान्यात, दाराला कुलूप. ह्यांच्या गळ्यात ओळखपत्राचे पट्टे, हातात टेप, फोटो काढत होते. मी घाबरले. म्हटलं, बरीच वर्षं कोणी राहतच नाय सांगितलं की जातील. सही घेऊन गेले पण. लई खूश झाले गं मी, तुला वाचवलं म्हणून.

कुशाबाई : जळ्ळं तुझं वाचवणं! माझ्या घराची चावी तुझ्या खिळ्याला, आन माझ्याच दारात हुबं राहून सांगतीस, कुणी न्हाई? 'कामाला गेलीय' म्हणाया काय झालं व्हतं तुला? बरं, संध्याकाळी मला तरी सांगायचं!

रुक्साना : तुला घोर लागला असता.

कुशाबाई : आता लई सुख लागलंय न्हवं!

सुदर्शन : मावशी, हरकत आजच द्यावी लागेल. पाच वाजता घेणं बंद. आणि ताई, तुम्हाला लिहून द्यावं लागेल, मी खोटं सांगितलं म्हणून. मग मात्र फेरतपासणी होणार. ह्यांची माडी बघतील. तुमचं ओट्यावर पुढं काढलेलं शिलाईचं दुकानही बघतील.

रुक्साना : बघू देत. दुकान गेलं तर गेलं. आणा कागद.

कुशाबाई : गेलं तर गेलं कसं? मग खाशील काय? ...साहेब, आधी माझा अंगठा घ्या. व्हय, माडी मीच बांधली म्हणून लिवा. राहतं घर हाय. माणसं वाढल्यावर झोपायची कुठं?

सुदर्शन : लिहितो.

रुक्साना : कुशे, माझ्याकडं बघ तरी.

कुशाबाई : तू बोलू नगं माझ्याशी. साहेब, तुमची माणसं परत कवा येणार?

सुदर्शन : सोमवारी. अकरा वाजता.

कुशाबाई : मग सोमवारी मी कामाला जायची न्हाई. हिच्या ओट्यावर बसते. हिला काय बी ईचारू नका. बोलायचं ते मी बोलंन.