लेकराच्या कंपनीची गोळी

विजया : नचिकेतराव, हे वीस डबे परत न्या. माझ्या मेडिकलमध्ये तुमच्या ‘ग्लुशांत’ला आता जागा नाही.

नचिकेत : मॅडम, मंजुरी तोंडावर आलीये आणि तुम्ही डबे परत करताय? महिन्याभरात याच नावानं शुगरचं खरं औषध येईल. अख्ख्या औंढ्यात सगळ्यात आधी तुमच्याकडे.

विजया : खरं औषध. म्हणजे हे खोटं, ते तुमच्याच तोंडून आलं.

नचिकेत : खोटं कसं? पूरक अन्न आहे हे. कारलं, मेथी, जांभळाचं बी. त्याचं लायसन आहे आमच्याकडे.

विजया : मग किराणा दुकानात ठेवा की. त्याची गोळी काहून केली? तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर?

नचिकेत : तीच तर आयडिया आहे. छोटी कंपनी आमची. मंजुरी येईपर्यंत हात बांधून बसलो, तर मोठ्या कंपन्या उभं राहू देतील का? म्हणून नाव आधी पेरायचं. डॉक्टरचा हात नावाला सरावला, पेशंटला हिरवी पट्टी ओळखू यायला लागली, की मंजुरीच्या दिवशी फक्त आतली गोळी बदलायची. पट्टी तीच, नाव तेच. सात महिन्यांत या आमच्या रत्नपालनं औंढ्यापासून हट्ट्यापर्यंत चौदा डॉक्टर लिहिते केले. विचारा त्याला.

विजया : काय विचारू? आल्यापासून खांबासारखा उभा आहे तो. काय रे रत्नपाल, बरं नाही का?

रत्नपाल : काही न्हाई ताई.

नचिकेत : घरी कुणीतरी आजारी आहे त्याच्या. चार दिवस रजा दिली, आज मीटिंगसाठी बोलावून घेतलं. एक तारखेपासून पर्मनंट करतोय त्याला.

विजया : करा. पण माझं ऐका. हट्ट्याचे जळबाकाका आले होते. सरकारी दवाखान्याची शुगरची गोळी बंद केली म्हणाले, आता ही हिरवी चालू आहे. असे पाच जण झाले माझ्या काउंटरवर.

नचिकेत : पट्टीच्या मागं स्पष्ट छापलंय, ‘हे औषध नाही’ म्हणून.

विजया : मुंगीला वाचता येईल एवढं.

नचिकेत : जुनी गोळी सोडा, असं आम्ही कुणाला सांगतो का? रत्नपाल, सांग मॅडमना. आपण काय सांगतो?

रत्नपाल : जुनीसोबत घ्या, म्हणून सांगतो सर.

नचिकेत : ऐकलंत?

रत्नपाल : मायलाबी तसंच सांगितलं होतं मी.

नचिकेत : कुणाला?

रत्नपाल : माझ्या मायला. लक्ष्मीबाईला. शिरड शहापूरला असते. बारा वर्षं झाले, शुगर हाय तिला. सॅम्पलच्या पट्ट्या उरल्या, त्या घरी नेल्या मी. म्हणलं, तुझी गोळी घे अन् वरून हीबी घेत जाय. कारलं-मेथीनं काय तकलीफ व्हणार हाय!

विजया : आणि तिनं जुनी सोडली.

रत्नपाल : व्हय. जुन्या गोळ्या डब्यात तशाच. लेकराच्या कंपनीची गोळी असल्यावर ती सरकारी काहून खाऊ, म्हणे. गल्लीत समद्याइला पट्टी दाखवायची. मंग पायात खिळा गेला. जखम भरेना, चिघळली, तरी मला बोलली न्हाई. कंपनीला बोल लागंल, मला कमीपणा येईल म्हणून. परवा नांदेडला अंगठा काढला तिचा. पुढचं काही सांगता येत न्हाई म्हणले.

नचिकेत : अरे, मला बोलायचंस ना! वाईट झालं. फार वाईट झालं. कंपनीकडून काहीतरी मदत काढू आपण. पण हे असं दुकानात उभं राहून... आणि बघ, महिन्याचाच प्रश्न आहे. खरं औषध आलं की तुझ्या आईलाही...

रत्नपाल : त्यानं अंगठा उगवल का सर?

नचिकेत : आवाज खाली. चार वाजता हट्ट्यात डॉक्टरांची मीटिंग आहे आणि बोलायचं तुला आहे. मी गाडीत बसतो. तोंड धुऊन ये पाच मिनिटांत.

(नचिकेत बाहेर जातो. मधूनमधून गाडीचा हॉर्न वाजतो.)

विजया : पाणी घे. पण मी तुझी समजूत काढीन, असं समजू नकोस. तूही त्यांच्यातलाच.

रत्नपाल : बोला ताई. कुणीच बोलून न्हाई राहिलं मला. माय तर नर्सबाईला सांगते, माझं पोरगं औषधाच्या कंपनीत साहेब हाय. तिला वाटते, तिचंच चुकलं. उपाशीपोटी घ्यायची गोळी जेवून घेतली, म्हणून लागू पडली न्हाई.

विजया : खरं सांगितलं नाहीस तिला?

रत्नपाल : कोणत्या तोंडानं सांगू?

विजया : हा अर्ज बघ. औषध खात्याकडं पाठवायचा, पंधरा दिवस झाले लिहून. पण ज्याचं नुकसान झालं, त्याचं नाव पाहिजे त्यात. जळबाकाकांच्या पाया पडायचीच तेवढी राहिले मी. सही करत नाहीत. म्हणतात, आपल्या रत्नपालच्या पोटावर पाय येईल.

रत्नपाल : असं म्हणले काका?

विजया : पाचही जण तेच म्हणाले.

रत्नपाल : ...पेन काढा ताई.

विजया : नोकरी जाईल. एक तारीख आठ दिवसांवर आहे तुझी.

रत्नपाल : जाऊ द्या. आज हट्ट्यात बोलतो मी. सरला पाहिजे ते न्हाई, जे झालं ते बोलतो. लिहा.

विजया : रुग्णाचं नाव लक्ष्मीबाई. वय?

रत्नपाल : एकसष्ट.

विजया : गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेतली? इथं डॉक्टरचं नाव लिहितात. की कंपनीचं लिहू?

रत्नपाल : न्हाई ताई. लिहा, लेकराच्या.